एका वाडग्यासाठी कविता

नमस्कार श्रोतेहो. लोणच्याच्या बरणीला आपण सहज ‘चिनी मातीची’ म्हणतो. ज्या देशाचं नाव या मातीला कायमचं चिकटलं, तिथल्या कवींनी भांड्यांवर काय लिहिलं, ते आज थोडं ऐकू या.

आठव्या शतकातली गोष्ट. बंडाळीने पोळलेला कवी दू फू बायकामुलांसह चेंगदू शहरी आला आणि त्याने गवताने शाकारलेली झोपडी बांधली. घर झालं, पण संसाराला काहीच नव्हतं. मग त्याने ओळखीपाळखीच्यांना कविता लिहून वस्तू मागितल्या. कुणाकडे पीचची रोपं, कुणाकडे बांबू. वेइ नावाच्या गृहस्थाकडे मागितले वाडगे. चारच ओळी: दायी गावची भांडी हलकी, पण टणक, टिचकी मारा, जेड रत्नासारखा करुण नाद येतो, तुमचे पांढरे वाडगे हिमालाही मागे टाकतात, तेवढे लवकर धाडा माझ्या झोपडीत. मागावं तर असं! माठ घेताना आपणही टिचकी मारतोच, पण त्या आवाजात कारुण्य ऐकायला दू फूचेच कान हवेत.

पुढच्या शतकात लू ग्वेइमंग हा कवी झाला. त्याचा स्वतःचा चहाचा मळा होता, आणि चहाच्या शौकिनांना युए प्रांतातले हिरवट वाडगे फार प्रिय. त्याने लिहिलं, शरदाच्या वाऱ्यात, दवात युएची भट्टी उघडते आणि हजार शिखरांची हिरवाई लुटून आणते. कवितेच्या शीर्षकात त्या रंगाचं नाव आहे: ‘मि-स’, म्हणजे गुप्त रंग. ओळी पाठ राहिल्या, पण गुप्त रंग म्हणजे नेमका कोणता, यावर विद्वान शतकानुशतकं वाद घालत बसले. 1987 साली शान्शी प्रांतातल्या फामन मंदिराचं तळघर उघडलं. ते 874 साली बंद झालेलं. आत वस्तूंची यादी दगडावर कोरलेली होती आणि तीत 13 भांडी ‘मि-स’ म्हणून नोंदलेली. भांडीही तिथेच! कवितेतला रंग अकराशे वर्षांनी डोळ्यांना दिसला.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती छांगशा शहराजवळच्या भट्ट्यांतली, त्याच काळातली सुरई. राजदरबाराची नव्हे, बाजारात विकायची. तिच्या चोचीखाली कुणीतरी लिहिलंय:

तू जन्मलास, मी नव्हते जन्मले;
मी जन्मले, तू म्हातारा झालेला.
तुला सल, मी उशिरा आले;
मला सल, तू लवकर आलास.

मूळ चिनीत बाई कोण, पुरुष कोण, काही कळत नाही. मराठी क्रियापद गप्प बसू देत नाही, म्हणून मी ठरवून टाकलं. कवीचं नाव नाही. अठराव्या शतकात सम्राटाच्या आज्ञेने थांग घराण्याच्या, म्हणजे दू फूच्या आणि या सुरईच्याही काळातल्या जवळजवळ 49,000 कविता एकत्र केल्या, त्यातही ही नाही. ती उरली फक्त भांड्यावर. कारागिराने आधी कुंचल्याने अक्षरं काढली, वर झिलई दिली आणि मग सुरई भट्टीत गेली. म्हणून अक्षरं काचेसारख्या थराखाली आहेत. बोट फिरवलं तरी हाताला लागत नाहीत.