चढ इंजिनाचा, उतार ब्रेकचा

पडद्यावर दिसतोय तो लोखंडी ड्रम जरा नीट बघा. फोर्ड फाल्कन जीटी-एचओ, फेज थ्री, साल १९७१. मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम आहे हा. एरवी ड्रम बाहेरून गुळगुळीत असतो, पातेल्यासारखा. याच्या अंगावर मात्र कंगोरे उठवलेत, जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाला असतात तसे. हात फिरवला तर बोटांना टोचतात.

हे शोभेसाठी नाही. तापलेल्या लोखंडाला वारा जास्त लागावा, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

ऑस्ट्रेलियातल्या वेगवान गाड्यांची गोष्ट निघाली की जो तो इंजिनापासून सुरुवात करतो. व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ३५१ क्यूबिक इंच, कानठळ्या बसवणारा आवाज. ती गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी चाकाच्या आत, काळ्या भुकटीखाली असते. आज तिथेच शिरायचंय.

त्यासाठी आधी एका डोंगरावर जावं लागेल.

सिडनीहून पश्चिमेला निघालं आणि ब्लू माउंटन्सची रांग ओलांडली की बॅथर्स्ट हे गाव लागतं. गावाला खेटून उभा आहे माउंट पॅनोरमा. इथल्या मूळच्या विराजुरी लोकांसाठी तो वाहलू. १९३८ मध्ये या डोंगरावरून शर्यतीचा रस्ता सुरू झाला. आजची एक फेरी ६.२१३ किलोमीटरची. तळ आणि माथा यांत १७४ मीटरचा फरक. म्हणजे दर फेरीला गाडीने एक उंच इमारत चढायची, आणि लगेच उतरायची.

चढताना इंजिनाचा कस लागतो. माथ्यावर भिंतींना घासून जाणारी वळणं. मग फॉरेस्ट्स एल्बो नावाचा कोपरा, आणि तिथून समोर सुटतो कॉनरॉड: उताराचा लांबलचक सरळ पट्टा. एका शर्यतीत कुणाच्या तरी इंजिनाचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, इथे तुटला, म्हणून हे नाव. बघा, इथेही मान इंजिनालाच. या पट्ट्यावर किती ब्रेक जळाले असतील, पण त्यांच्या नावाने कुणी साधी पाटी लावलेली नाही.

कॉनरॉडच्या तळाला मरेज कॉर्नर, काटकोनात डावीकडे. म्हणजे ताशी दोनशेच्या वर पळणारी गाडी, तीही उतारावर, आणि समोर वळण.

एक हिशेब करू. गाडी दीड हजार किलोची धरा. वेग ताशी २२० वरून ६० वर आणायचा. गाडीच्या अंगातला जोर कुठे नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ती साधारण २६ लाख ज्यूल भरते. थोडा वाटा वारा आणि इंजिन उचलतं, ते सोडून देऊ. एवढ्या उष्णतेत आठ लिटर पाणी उकळीला येईल. काही सेकंदांत, चार चाकांच्या आत. त्या काळी पूर्ण शर्यत १३० फेऱ्यांची होती. एकट्या या एका कोपऱ्यावर, शर्यत संपेपर्यंत, गच्चीवरची हजार लिटरची टाकी उकळून निघाली असती.

आणि वेग दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. इंजिनवाले जेवढे खूश, तेवढा ब्रेकवाल्यांच्या डोक्याला ताप.

तापलेल्या ब्रेकचं काय होतं, हे घाटातल्या ड्रायव्हरला शिकवावं लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा सल्ला उगाच पडलेला नाही. ड्रममध्ये दोन शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, आतून बाहेर दाबले जातात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. ड्रम तापला की फुगतो, भिंत शूपासून लांब सरकते, पॅडल आणखी खाली जातं. शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, जास्त तापला की त्याची पकड सुटते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे आले की पॅडल दाबून दाब पुढे जातच नाही. पाय तळाला टेकतो आणि गाडी आपल्या वाटेने जाते.

डिस्कचं तसं नाही. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. ती उघड्यावर फिरते, वारा थेट लागतो. तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते, लांब जात नाही. मग सगळ्यांनी डिस्कच का नाही लावली? पैसे. दुसरं काय.

शर्यतीचा नियम इथे कामाला आला. १९६० ते ६२ ही पाचशे मैलांची शर्यत फिलिप आयलंडवर झाली. तिथला रस्ता उखडला, म्हणून १९६३ मध्ये ती बॅथर्स्टला आली. नियम साधा: शोरूममध्ये मिळते तीच गाडी पळवायची. म्हणजे शर्यतीसाठी चांगला ब्रेक हवा असेल, तर तो आधी गिऱ्हाइकाला विकावा लागणार.

पहिल्याच वर्षी फोर्डची चिमुकली कॉर्टिना जीटी जिंकली, हॅरी फर्थ आणि बॉब जेन यांच्या हातात. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क होत्या. ऑस्ट्रेलियाच्या होल्डन कंपनीची ईएच तिच्यापेक्षा दणकट, इंजिन मोठं, पण चारही चाकांना ड्रम. होल्डनच्या गाडीवर पहिल्यांदा डिस्क आली ती १९६६ च्या एचआर मॉडेलवर, तीही वरचे पैसे मोजणाऱ्याला. त्याच १९६६ साली बॅथर्स्टला मिनी कूपर एसने पहिल्या नऊ जागा घेतल्या. अंगाने लहान गाडीला थांबवणं सोपं असतं, हे मोठ्या कंपन्यांना टोचलं असणारच. पण त्यांनी उत्तर दिलं ते मोठ्या इंजिनाचं. १९६७ ला फाल्कन जीटी आली, १९६८ ला होल्डनची मोनारो. दोन्ही व्ही-एट, दोन्ही जिंकल्या.

असं करत करत आपण त्या कंगोऱ्यांच्या ड्रमपाशी येतो.

फेज थ्री. सुमारे तीनशे गाड्या बनल्या. चार दारं, मागे पोरंबाळं बसवून बाजारात जावं अशी दिसणारी, आणि कमाल वेग ताशी २२८ किलोमीटर. पेट्रोलची टाकी १६४ लिटरची. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि त्या ड्रमला कंगोरे, कारण डिस्कचा खर्च मागच्या चाकापर्यंत अजून पोचला नव्हता. १९७१ च्या शर्यतीत अ‍ॅलन मोफॅटने ती पाचशे मैल एकट्याने चालवली. मध्येच बिअरचा पुठ्ठ्याचा खोका उडत येऊन त्याच्या गाडीच्या तोंडाला चिकटला. सगळ्यांच्या लक्षात तो खोका आहे. माझं लक्ष त्याच्या उजव्या पायाकडे जातं. आठ लिटर उकळतं पाणी, फेरी फेरीला आठ लिटर, आणि शेवटपर्यंत पॅडल त्याच्या हाती, म्हणजे पायाशी, राहिलं.

पुढच्या वर्षी गाडं अडलं. जून १९७२ मध्ये सिडनीच्या एका रविवारच्या पेपरात बातमी आली की ताशी १६० मैल जाणाऱ्या गाड्या लवकरच रस्त्यावर येणार. न्यू साउथ वेल्सचे वाहतूक मंत्री मिल्टन मॉरिस भडकले, राजकारण तापलं, आणि काही दिवसांत कंपन्यांनी माघार घेतली. फेज फोर चार गाड्यांवरच थांबली. होल्डनची व्ही-एट टोराना लांबणीवर पडली. त्या वर्षी पावसात जिंकली ती सहा सिलिंडरची टोराना, चालवणारा पीटर ब्रॉक. १९७३ पासून मैल गेले, हजार किलोमीटर आले.

व्ही-एट टोराना शेवटी १९७४ ला आली. शर्यतीचं मॉडेल एल३४. इंजिनाची तक्रार नव्हती, पण मागे अजून ड्रमच. १९७७ मध्ये मात्र होल्डनने ए९एक्स काढली: भक्कम मागचा आस, आणि होल्डनच्या गाडीला पहिल्यांदाच चारही चाकांना डिस्क. एकूण ४०५ गाड्या. दिसायला स्पॉयलर आणि बॉनेटवरचा खोका उठून दिसतो, पण ज्यांना कळतं ते वाकून मागच्या चाकातून आत बघतात.

आणि त्याच वर्षीच्या बॅथर्स्टच्या शर्यतीचा शेवट आठवा. फोर्डच्या दोन फाल्कन, मोफॅट पुढे, कॉलिन बाँड मागे. मोफॅटच्या गाडीत आधी जॅकी इक्स होता. तो फ्रान्समधल्या ले मान्सच्या शर्यतीचा बादशहा, पण या डोंगरावर नवखा. मोफॅटकडे गाडी परत आली तेव्हा ब्रेक जवळपास संपले होते. बाँडला ओलांडून जाता आलं असतं. तो गेला नाही. दोन्ही गाड्या खांद्याला खांदा लावून रेषेवर आल्या. हेलिकॉप्टरमधून घेतलेलं ते चित्र ऑस्ट्रेलियात घराघरांत पोचलं. लोक त्यात फोर्डचा रुबाब बघतात; मला त्यात संपलेले पॅड दिसतात.

दोन वर्षांनी ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स ए९एक्समध्ये सहा फेऱ्यांनी पुढे होते. एवढी आघाडी असताना ब्रॉकने शेवटच्याच फेरीत सर्वांत वेगवान फेरीचा नवा विक्रम केला. हजार किलोमीटरनंतर शेवटच्या फेरीला असं तुटून पडायचं, तर ब्रेकवर भरवसा लागतो.

आता जरा त्या काळ्या भुकटीकडे. त्या काळी लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं. उष्णता सोसतं, स्वस्त, बिनतक्रार. ड्रम उघडला की मेकॅनिक आत हवा मारायचा; भुकटी उडायची, गॅरेजमधल्या उन्हाच्या तिरिपीत तरंगत राहायची, आणि खाली बसलेल्या माणसाच्या नाकात जायची. त्या तंतूंमुळे होणारा आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून अ‍ॅसबेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: पन्नास वर्षं न उघडलेल्या ड्रममध्ये हवा मारायची नाही.

डोंगराने शिकवलेली कला मग परदेशी निघाली. मेलबर्नच्या ईस्ट बेंटले उपनगरात पीबीआर नावाची कंपनी होती. ब्रेकचे बदली भाग विकण्यापासून सुरुवात, पुढे अ‍ॅल्युमिनिअमचे हलके कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या कॉर्व्हेटवर पुढच्या चाकांना दोन पिस्टनचे पीबीआर कॅलिपर लागले. १९९० च्या दशकात फोर्डच्या मस्टँग कोब्रावरही. अमेरिकेची लाडकी स्पोर्ट्स कार, आणि तिला थांबवणारा तुकडा मेलबर्नचा. यावर कुणी पोस्टर छापलं नाही. २००७ मध्ये बॉशने पीबीआरची मालक कंपनी विकत घेतली.

घरच्या गाड्यांवर मात्र ब्रेक बाहेरून येऊ लागले. होल्डनच्या गाड्यांना आणखी वेग देणाऱ्या एचएसव्हीची २०१७ ची जीटीएसआर डब्ल्यू-वन घ्या: ४७४ किलोवॉट, आणि पुढे इंग्लंडच्या एपी रेसिंगचे सहा पिस्टनचे कॅलिपर, ४१० मिलिमीटरच्या डिस्क. सोळा इंच! फेज थ्रीची चाकं चौदा इंचांची होती. म्हणजे आजची डिस्क मोफॅटच्या अख्ख्या रिमपेक्षा मोठी. हा आमचा कंगोऱ्यांचा ड्रम तिच्यासमोर डब्याच्या झाकणासारखा दिसतो.

ते वर्ष शेवटचं ठरलं. फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्येच ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं थांबवलं होतं. २० ऑक्टोबर २०१७ ला अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ कारखान्यातून होल्डनची शेवटची गाडी बाहेर आली. लाल कमोडोर, व्ही-एट, आणि ब्रेक इटलीच्या ब्रेम्बोचे.

माउंट पॅनोरमा तिथेच आहे. शर्यत नसते तेव्हा तो साधा सरकारी रस्ता असतो. दोन्ही बाजूंनी वाहतूक, कडेला लोकांची घरं, द्राक्षांचे मळे. भाड्याची गाडी घेऊन कुणीही कॉनरॉडवरून खाली येऊ शकतो. मर्यादा ताशी ६०, आणि पोलीस असतात. त्या वेगाने मरेज कॉर्नरला येऊन गाडी अगदी थांबवली, तरी ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता चार कप चहाच्या आधणाएवढी.