हिमोग्लोबिन चांगलं, तरी पाय बधिर

मंडळी, हिमोग्लोबिन १३ आलं की आपण रिपोर्टची घडी घालून कपाटात ठेवतो. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता नेमकी तिथेच नजरेतून सुटते, कारण नसा बिघडायला आधी रक्त बिघडावंच लागतं असं नाही.

सुरुवात बहुधा पायांपासून होते. दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात, मग गादीवर चालल्यासारखं वाटतं. चप्पल निसटली तरी कळत नाही. बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो. हे लक्षण फार बोलकं आहे. पाय कुठे टेकलाय याची खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते आणि बी-१२ नसेल तर तिथल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण खराब होतं. डोळे उघडे असेपर्यंत नजर सांभाळून घेते, मिटले की तोल सुटतो. डॉक्टर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. ‘टेकवलेलं कळतं, थरथर कळत नाही’ असं उत्तर आलं, तर पुढची तपासणी लांबवू नये.

आता ताटाकडे येऊ. मोठ्या माणसाला रोज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. ते जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. इंदूरच्या आपल्या शाकाहारी घरात सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, पोळी-भाजी. यात बी-१२ येतं ते फक्त दुधा-दह्यातून. १०० मिलीलिटर दुधात ते साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम असतं. तीन कप चहात मिळून दीडशे मिलीलिटर दूध धरा, गरजेच्या निम्मंही भरत नाही. दूध पुन्हा पुन्हा उकळलं की त्यातलंही घटतं. तुपात तर ते जवळजवळ नसतंच, कारण ते पाण्यात विरघळणारं आहे. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून खाण्यातली तूट लगेच जाणवत नाही.

खाल्लेलं सगळं अंगी लागतं असंही नाही. अन्नातल्या प्रथिनांपासून बी-१२ सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं. वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत ते कमी पडतं. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर बी-१२ अधूनमधून तपासावंच.

‘थकवा आलाय, फॉलिक ॲसिड सुरू करू या’ हे परस्पर करू नका. त्याने रक्त सुधारतं, पण बी-१२ कमी असेल तर नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आपल्याकडे लोहही कमी असतं, त्यामुळे आणखी फसगत होते. लोहाअभावी तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२अभावी मोठ्या. दोन्ही एकत्र असले की सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ८० ते १००च्या मध्येच, म्हणजे नॉर्मल दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतला फरक, वाढलाय का ते बघा आणि स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा.

बी-१२च्या तपासणीला रक्त द्यायचं ते बी-१२च्या पहिल्या इंजेक्शनच्या आधी. नंतरचा आकडा फुगलेला येतो. एका मिलीलिटरमध्ये २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३००मध्ये असेल आणि मुंग्या येत असतील, तर बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासतात.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी बायकांची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. आईकडेच नसेल तर दुधात कुठून येणार? गुटगुटीत दिसणारं बाळ काही महिन्यांनी हसेनासं होतं, धरलेली मान सोडतं, हातपाय कापू लागतात. असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा. अंगावरचं दूध तोडू नका. बी-१२ आईलाही द्यावं लागतं आणि बाळालाही.