डाव्या हातातली बाही

मंडळी, समोर कोकणातल्या शाळांचे क्रीडाशिक्षक आहेत, पालक आहेत, आणि कबड्डीच्या मैदानावरून ज्युदोकडे वळू पाहणारी मुलंही आहेत. म्हणून इतिहास एका वाक्यात उरकतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले घातक डाव बाजूला ठेवून सराव असा बसवला, की दोघांनी पूर्ण जोर लावावा आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही पुन्हा मॅटवर यावं. हे कशामुळे जमतं, तेवढंच आज बोलायचं आहे.

सुरुवात पडण्यापासून, म्हणजे उकेमीपासून. मागे पडण्याचा सराव आधी झोपून, मग बसून, मग उकिडवं बसून आणि शेवटी उभ्याने. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर. पाठ टेकताना हात शरीरापासून ३० ते ४५ अंशांवर, तळवा खाली, कोपरापासून बोटांपर्यंत एकदम मॅटवर आपटायचा आणि श्वास सोडायचा. हात फार लांब गेला तर खांद्याला हिसका बसतो, फार जवळ राहिला तर कोपर बरगडीखाली येतं. आवाज मोठा निघाला म्हणजे उकेमी चांगली झाली, असा मुलांचा समज होतो. तो खोडून काढा. पाहायचं ते डोक्याकडे, टेकलं की नाही.

नवशिक्याची खरी अडचण म्हणजे पडताना हात टेकण्याची उपजत सवय. मनगट, कोपर आणि गळपट्टीचं हाड यांना इजा होते ती बहुधा यातूनच, किंवा खांद्याच्या टोकावर पडल्याने. ही सवय आठवड्यात जात नाही. मूल दमलेलं असतानाही हात मागे टाकत नाही असं दिसेपर्यंत त्याला उभ्याने थ्रो देऊ नका. पालकांनी ‘अजून डाव का शिकवत नाही?’ असं विचारलं तरी नका देऊ.

पण उकेमी ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी पाडणाऱ्याकडे असते. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा हात जोडीदाराची उजवी बाही धरतो. थ्रोच्या शेवटी हाच हात वर ओढायचा. त्याने पडणाऱ्याचा खांदा उचललेला राहतो, अंग कुशीवर वळतं आणि डोकं मॅटपासून दूर राहतं. पाडणाऱ्याने गुडघे वाकवून स्वतःच्या दोन पायांवर उभं राहायचं. बाही सोडली, किंवा तोल जाऊन आपणच वर कोसळलो, तर सगळं वजन खालच्याच्या बरगड्यांवर येतं.

ओसोतो-गारी, म्हणजे बाहेरून पाय मारून सरळ मागे पाडणं, दिसायला सोपा डाव. म्हणून बरेच जण तो पहिल्याच महिन्यात शिकवतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे. यात माणूस थेट मागे जातो आणि मान झटक्यात मागे फेकली जाते. जपानमध्ये शालेय ज्युदोतल्या गंभीर डोकेदुखापतींत याच डावाचं नाव वारंवार येतं. सुरुवात ओ-गोशीने, म्हणजे कमरेवरून पाडण्याने करा. मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहताना कोपर वर येतं, तशी बाही पुढे आणि वर ओढायची. हा कुझुशी, म्हणजे तोल मोडणं. मग जोडीदाराच्या पायांच्या आत पाय ठेवून वळायचं, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कमरेखाली न्यायची. गुडघे ताठ राहिले की भार कमरेच्या मणक्यांवर येतो आणि थ्रो अर्ध्यात अडकतो. अडकलेला थ्रो ताकदीने ओढू नका. सोडा, पुन्हा आत शिरा.

डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, उलटी, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर सराव तिथेच थांबवा आणि मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आता स्पर्धा. इप्पॉन म्हणजे लढत तिथेच जिंकून देणारा पूर्ण गुण. तो मिळायला वेग, जोर, पाठ आणि जमिनीवर येईपर्यंत ताबा, हे चारही लागतात. हा ताबा म्हणजे तोच डावा हात. सरावात जोडीदाराला जपणारा हात स्पर्धेत गुण आणतो, म्हणून त्याला आळस शिकवू नका. वरिष्ठ गटाची लढत ४ मिनिटांची, बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे पहिला गुण घेईल तो जिंकला. २० सेकंद दाबून धरलं तर इप्पॉन, १० सेकंदांना वाझा-आरी, म्हणजे अर्धा गुण, आणि दोन वाझा-आरींचा इप्पॉन. तीन शिदो, म्हणजे नियमभंगाच्या ताकिदी, झाल्या की लढत हातची गेली.

आपल्याकडच्या मुलांसाठी दोन गोष्टी बजावून सांगा. रायगड-रत्नागिरीच्या कबड्डीपटूचा हात आपसूक घोट्याकडे जातो, कुस्तीवाला पट काढायला वाकतो. आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्याने पाय धरणं २०१३ पासून बंद आहे. दुसरं, कुस्तीत चीतपट टाळायला ब्रिज करतात, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून पाठ कमानीसारखी उचलतात. ज्युदोत ब्रिजमध्ये पडलात तर सरळ इप्पॉन जातो. मानेला जपण्यासाठी केलेला हा नियम आहे.

जागेबद्दल. मॅट साधारण १ बाय २ मीटरची, ४ ते ५ सेंटिमीटर जाडीची. ८ बाय ८ मीटरच्या लढतीच्या जागेला ३२ मॅट लागतात; चहूबाजूंनी ३ मीटर सुरक्षा-पट्टा धरला तर १४ बाय १४, म्हणजे ९८. शाळेला एवढ्या परवडत नाहीत. मग एका वेळी कमी जोड्या उभ्या करा आणि सगळ्यांनी मधून कडेकडे पाडायचं असा दंडक ठेवा. मॅटमधल्या फटीत पायाची करंगळी अडकून मोडते, म्हणून फटी रोज तपासा. पावसाळ्यात फरशीतून ओल वर येते. सराव संपला की मॅट पुसून, भिंतीला उभ्या टेकवून वारा लागू द्या. ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, दोन तरी हव्यात, कारण आषाढात जाड सुती कापड एका दिवसात वाळत नाही. ओला गी अंगावर चढवला की गजकर्ण होतं आणि आठवडाभरात सगळ्या वर्गात फिरतं. अंगावर चट्टा दिसला की उपचार होईपर्यंत मॅटवर यायचं नाही.

समुद्र जवळ आहे म्हणून वाळूवर थ्रो करू नका. ओली वाळू सिमेंटसारखी कडक असते, आणि कोरडीत पाऊल रुतून वळताना गुडघा पिरगळतो. पुळणीवर धावा, रबर ट्यूब बांधून उची-कोमी, म्हणजे न पाडता डावात पुन्हा पुन्हा शिरण्याचा सराव, करा, तेही फक्त ओढण्यापुरतं.

आणि वजन. मे महिन्यात किनाऱ्यावर हवा दमट असते, घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. अशा हवेत जाड कपडे घालून पळवून वजन उतरवणं मुलांच्या जिवाशी खेळणं आहे. ५० किलोच्या मुलीला ४८ किलोच्या गटात बसवायला उपाशी ठेवू नका. तिला ५२ मध्ये खेळवा आणि दर वीस मिनिटांनी पाणी पाजा.