गोठ्यातला क्षय, दवाखान्यातला क्षय

(दृश्य: पुणे, औंध. सकाळची रहदारी.)

औंधला छातीच्या विकारांचं सरकारी रुग्णालय आहे. याच औंधात राज्याच्या पशुसंवर्धन आयुक्तांचं कार्यालय आहे आणि जनावरांच्या लशी बनवणारी संस्थाही. माणसाचा क्षय एका फाटकाआड, गुरांचा दुसऱ्या. जंतूला मात्र ही हद्द ठाऊक नाही.

क्षयाच्या जंतूंचं खटलं मोठं आहे. माणसात मुख्यतः मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, गुरांत बोव्हिस, शेळ्यांत कॅप्री, आणि अलीकडे ज्याचं नाव सारखं कानावर येतं तो ओरिजिस, हाही गुरांतलाच. प्रत्येकाच्या जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या पूर्ण पोथीत, सुमारे ४४ लाख अक्षरं, आणि त्यातली ९९.९ टक्क्यांहून जास्त सारखी. भांडण आहे ते उरलेल्या मूठभर अक्षरांचं.

हे भांडण जुनं आहे. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला. १८९८ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथने गाईचा जंतू माणसाच्या जंतूपेक्षा निराळा असल्याचं सांगितलं. त्यावर कॉख १९०१ च्या लंडन परिषदेत म्हणाला, मग गाईच्या क्षयाची माणसाने फारशी काळजी करायला नको. ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला. १९११ मध्ये आयोगाचा निष्कर्ष आला: गाईचा क्षय माणसाला होतो. कॉखसारखा माणूसही इथे चुकला होता.

(दृश्य: प्रयोगशाळा. डीएनएच्या पट्ट्या.)

या जंतूंच्या जीनोममधून एखादा तुकडा गळाला की तो परत येत नाही. ते एकमेकांकडून जनुकं उसनी घेत नाहीत. सातबाऱ्यावरचे फेरफार मागे मागे वाचत गेलं की जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते कळतं. गळालेल्या तुकड्यांवरून जंतूंची वंशावळ तशीच वाचता येते. एका जुन्या चाचणीत ४३ खुणा बघतात. त्यातल्या ३, ९, १६ आणि ३९ ते ४३ या नसल्या, की बोव्हिसचा संशय पक्का. २००२ मध्ये ही वंशावळ मांडली गेली, तेव्हा गुरांच्या जंतूत माणसाच्या जंतूपेक्षा जास्त तुकडे गळालेले दिसले. म्हणजे क्षय गाईने माणसाला दिला, ही सोयीची गोष्ट तिथेच बाद झाली.

उपचाराच्या दृष्टीने तर एकच अक्षर पुरतं. पीएनसी-ए या जनुकात बोव्हिसचं एक अक्षर बदललेलं आहे, आणि तेवढ्याने पायराझिनामाइड हे क्षयाचं नेहमीचं औषध त्याच्यावर चालत नाही. ओरिजिसमध्ये हा बदल नाही. त्याच्यावर ते चालतं. दोन्ही गुरांकडून आलेले, तरी औषधाचा हिशेब वेगळा. आणि दवाखान्यातली आजची झटपट चाचणी काय सांगते? टीबी आहे, रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही. जंतू घराण्यातला नेमका कोण, हे ती सांगत नाही.

भारतात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. वेल्लोरच्या संशोधकांनी रुग्णांचे ९४० नमुने तपासले. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. पुस्तकातला बोव्हिस एकातही नाही. ओरिजिस मात्र ७ जणांत. तोवर 'गुरांकडून आलेला क्षय' म्हणजे बोव्हिस, असं धरूनच शोध चालला होता.

(दृश्य: दौंड-शिरूर पट्टा. मुक्त संचार गोठा, धार काढणं.)

पुणे जिल्हा दुधाचा. उरुळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी बाएफ ही संस्था उभी केली आणि संकरित गाय घरोघर पोचली. त्या गाईने अनेक घरं उभी केली, यात वाद नाही. पण होल्स्टिन या परदेशी जातीचं रक्त असलेल्या गाईंना देशी गाईंपेक्षा हा रोग जास्त जड जातो, असं इतर देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. गुरांत तो मुख्यतः श्वासातून पसरतो, म्हणून दाटीच्या बंद गोठ्यापेक्षा मोकळा गोठा बरा.

गाईची चाचणी मानेच्या कातडीत. जंतूचा अर्क टोचून ७२ तासांनी सूज मोजायची. पुढचं अवघड. अनेक देशांत बाधित गाय कापतात. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. मग खोकणारी गाय बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या दावणीला लागते. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. भरपाई कोण देणार, हे आधी बोला.

उलटी वाटही आहे. चारा घालणारा माणूसच क्षयाने खोकत असेल, तर माणसाचा जंतू गाईत जातो. भारतातल्या गुरांत तो सापडलाही आहे. कोणी कोणाला दिला, हे दोघांच्या जंतूंची अक्षरं शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

दूध उकळलं की जंतू मरतो. आपल्याकडे ती सवय आहे, हे नशीब. धोका धारोष्ण दुधाचा, तालमीत अजूनही ज्याचं कौतुक होतं. दुधातून आलेला क्षय बहुधा फुफ्फुसात नाही, मानेच्या गाठींत आणि आतड्यात दिसतो. आपण मात्र मुख्यतः थुंकी तपासतो. पुण्यात शोध घ्यायचा, तर गंडमाळेच्या, म्हणजे मानेच्या गाठींच्या क्षयाच्या, रुग्णांचे नमुने आधी घ्यावेत, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर एक रकाना वाढवावा: घरी जनावरं आहेत का, आणि दूध कच्चं पिता का.