चहा, चालणं, चळवळ

(दृश्य : पहाट. बिंदू चौक. जोतीराव आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यांवर कोवळं ऊन.)

कोल्हापुरात सकाळी फिरायला जाणं हा नित्यनेम. रंकाळ्यावर गेलात तर रोज तीच तोंडं दिसतील.

१६ फेब्रुवारी २०१५ ला कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई असेच सोबतीनं फिरून घरी परतत होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. उमाताई वाचल्या. कॉम्रेड २० तारखेला गेले.

त्यानंतर माणसं चालायला लागली. दर महिन्याच्या २० तारखेला निर्भय मॉर्निंग वॉक. 'आम्ही सारे पानसरे' ही घोषणा देत, गाणी म्हणत.

(दृश्य : चालणाऱ्यांचे पाय.)

चित्रीकरणाला आम्ही गेलो ते घोषणा टिपायला. पण कॅमेरा पुन्हा पुन्हा वळत होता तो मागच्या रांगेकडे. तिथं एका आज्जींचे गुडघे दुखत होते, म्हणून सगळी रांगच हळू चालत होती. कुणी कुणाला विचारत होतं, "पोरीच्या ॲडमिशनचं काय झालं?" एका काकांनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. भीती कशी जाते, हे मला त्या रांगेत कळलं.

या शहराला हे नवं नाही. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या नोकरीत होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना चहाचं हॉटेल काढून दिलं. मग स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे. सोबतच्या मंडळींनाही तो प्यावा लागे. एका कपानं कायद्याच्या बरोबरीचं काम केलं, असं मी मानते.

पानसरे दांपत्यानं तरुण मुलगा अविनाश गमावला. तोही कार्यकर्ताच. त्याच्या नावानं व्याख्यानमाला सुरू झाली. बापानं दुःख घरात कोंडून ठेवलं नाही, गावासमोर सतरंजी अंथरली. जातीबाहेर लग्न करून दारात आलेल्या पोरापोरींच्या पाठीशीही हे घर उभं राहिलं. घरच्यांनी टाकलेल्या त्या मुलांना पत्रकाआधी जेवण लागतं, निजायला जागा लागते.

आणि ते जेवण कोण रांधत होतं? हे मला स्पष्ट विचारायचंय. बाहेरगावचे कार्यकर्ते रात्री-अपरात्री यायचे, तेव्हा घरोघरच्या बायका चुलीपुढं बसल्या. हँडबिलावर त्यांची नावं आली नाहीत. चळवळीचा इतिहास लिहिताना ती पिठलं-भाकरी धरली नाही, तर हिशेब चुकतो.

(दृश्य : जुन्या टोलनाक्याची जागा. वाहनं सरळ निघून जातात.)

शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी लढ्यात पानसरे आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते एन. डी. पाटील खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एन. डी. तेव्हा ऐंशी ओलांडलेले. २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाला. शहर रस्त्यावर नाचलं. तो आनंद बघायला कॉम्रेड नव्हते.

(दृश्य : वॉक संपलाय. चहाची टपरी.)

काचेचे ग्लास हातोहात फिरतात. पैसे कुणी द्यायचे यावर दंगा होतो. आज्जींना रिक्षापर्यंत सोडायला दोघी पोरी निघतात.

"पुढल्या येळी गुडघं न्हाई चाललं, तर रिक्षातनं घोषणा देतो," आज्जी सांगतात. पोरी हसतात. एकीच्या हातात आज्जींची चप्पल आहे.