यंत्र चालतं, पण का चालतं?

1987 साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिड नावाचे न्यूरोसर्जन हाताचा कंप थांबवण्यासाठी मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागातला एक बारीकसा ठिपका जाळायची शस्त्रक्रिया करत होते. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बघायला तिथे विजेचे झटके देऊन पाहायचे. झटक्यांचा वेग सेकंदाला शंभराच्या आसपास नेला आणि कंप थांबला. काही न जाळता! मेंदूत तार बसवून, बॅटरीवरच्या यंत्राने असे झटके देत राहायच्या या उपचाराला दहा वर्षांनी, 1997 मध्ये, अमेरिकेत मान्यता मिळाली.

कंप थांबतो कसा? आधी वाटलं, विजेने तो भाग गप्प होतो. जाळल्यासारखाच परिणाम होता ना. नोंदी घेतल्यावर दिसलं, की पेशी शांत होतात, पण त्यांचे तंतू उलट चेतवले जातात. मेंदूत बसलेला चुकीचा ताल मोडतो, असं आज बरेच जण मानतात. वाद मिटलेला नाही.

तुम्ही म्हणाल, रोगी बरा होतोय ना, मग कशाला खोलात शिरायचं? सांगतो. कंपाच्या रोग्यात यंत्राचा आकडा, म्हणजे झटक्यांचा वेग किंवा जोर, बदलला की फरक काही मिनिटांत दिसतो. डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप पिळवटतात त्या आजारात, फरक दिसायला आठवडे, कधी महिने जातात. काय मोजायचं हेच ठाऊक नसेल, तर डॉक्टरने आकडे अंदाजानेच फिरवायचे. रोग्याने वाट बघायची.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. रक्तदाब उतरवण्यासाठी मूत्रपिंडाच्या धमनीत नळी घालून भोवतालच्या नसा उष्णतेने निकामी करतात. 2014 मध्ये मोठी चाचणी झाली. काही रोग्यांवर फक्त तपासणीचा देखावा केला होता. दाब त्यांचाही जवळपास तितकाच उतरला. उपचारच खोटा, की नसा नीट जळल्याच नाहीत? सांगता येईना, कारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते तपासायची सोयच नव्हती. नसांचा नकाशा नीट अभ्यासल्यावर कळलं, की धमनीला फांद्या फुटतात तिकडे नसा धमनीच्या आतल्या पोकळीच्या जास्त जवळ येतात. पद्धत बदलली, आणि 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. माझ्या मते हा नकाशा मोठ्या चाचणीच्या आधीच हवा होता.

यंत्र बनवणारी कंपनी असल्या अभ्यासासाठी पैसे का घालेल? मान्यता देणारे विचारतात, सुरक्षित आहे का, गुण येतो का. ‘का येतो’ याचं उत्तर सापडलं, तर प्रतिस्पर्ध्यालाही ते फुकटात मिळतं. कंपनीचा हिशेब चुकीचा नाही. म्हणूनच हा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हायला हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ‘स्पार्क’ कार्यक्रमातून अवयवांच्या नसांचे नकाशे करायला पैसा दिला आणि माहिती सर्वांना खुली ठेवली, ते मला पटतं.

दर वेळी प्रचंड रक्कम लागते असंही नाही. मेंदूतल्या यंत्राची बॅटरी संपली की ती बदलायला छोटी शस्त्रक्रिया होते. तेवढा वेळ तारेचं टोक उघडं असतं. मेंदूचा ताल थेट ऐकायची ही संधी आहे. रोग्याची संमती, एक नोंदयंत्र, एक इंजिनिअर आणि शस्त्रक्रियागृहातला थोडा जादा वेळ, एवढंच लागतं. पण या वेळेचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, तिथे गाडं अडतं.