अस्तर कमी पडलं तर

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात आपल्या खळ्यात कोकमं, पापड आणि आंब्या-फणसाची साटं वाळत असतात. त्यातच थोडी जागा गोधडीलाही लागते. एकदा पाऊस लागला की जाड कापड वाळत नाही, आणि गणपतीला मुंबईकर आले की घरातली अंथरुणं पुरत नाहीत. म्हणून गोधडी शिवायची ती याच दिवसांत.

वरच्या बाजूचं काही अडत नाही, ती तुकड्यांचीच असते. जोडता जोडता ती हातभर वाढते. मग अस्तरासाठी ट्रंकेतलं लुगडं काढून खाली पसरलं की हाक येते, “अगो बाय, ह्यां तर कमी पडला!”

अशा वेळी बहुतेक जणी काय करतात? कमी पडलेल्या कडेला एक पट्टी जोडतात आणि मोकळ्या होतात. मला हे पटत नाही. गोधडीची कड सगळ्यात जास्त ओढली जाते. धुताना, पिळताना, झटकताना हात तिथेच पडतो. पट्टीची शिवण कडेलगत आली की ती आधी उसवते, शिवाय कड दुमडताना तिथे कापडाचा गठ्ठा होतो. पट्टी लावायचीच तर आत घ्या. अस्तर पायाकडच्या बाजूने एक तृतीयांशावर आडवं कापा, पट्टी मधे बसवा. लुगड्याचा काठ हाताशी असेल तर तोच घाला, मुद्दाम घातल्यासारखा दिसतो. फक्त जोड खांद्याखाली किंवा कमरेखाली येऊ देऊ नका. आपल्याकडे गोधडी पांघरतात तशी अंथरतातही, आणि जमिनीवर झोपणाऱ्याला शिवणीचा उंचवटा बरोबर टोचतो.

आता कापड विकत आणायचं असेल तर थोडा हिशेब करू. एका माणसाची गोधडी धरा साडेचार फूट रुंद, साडेसहा फूट लांब. म्हणजे 54 इंच बाय 78 इंच. दुकानातल्या मांजरपाटाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 36 इंच असेल तर दोन पन्हे जोडावेच लागतात, त्याला इलाज नाही. पण पन्हा 44 इंच असेल, तर रुंदीला फक्त दहा इंच कमी पडतात. तेवढ्यासाठी 80-80 इंचांचे दोन तुकडे, म्हणजे चार मीटरहून जास्त कापड घ्यायचं, आणि त्यातली तीसेक इंचांची पट्टी बाजूला काढून ठेवायची. ती पट्टी पुढे कुठे जाते, हे प्रत्येक घरातल्या ट्रंकेला ठाऊक आहे.

यावर एक युक्ती आहे. रेडिओवरून दाखवता येत नाही, म्हणून जवळ जुनं वर्तमानपत्र असेल तर एक पान घ्या. पान उभं ठेवा. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत तिरपं कापा. दोन त्रिकोण झाले. आता उजवीकडचा त्रिकोण त्याच तिरप्या रेषेवरून हळूहळू वर सरकवा. कापलेल्या कडा एकमेकींना लागूनच राहिल्या पाहिजेत. बघा, पान रुंद होत चाललंय आणि लांबी कमी होतेय. वर एक टोक बाहेर आलं, खाली एक. ती दोन्ही टोकं सरळ कापून टाका. पहिल्यापेक्षा रुंद असा चौकोन तुमच्या हातात आहे.

हेच कापडावर करायचं. पन्हा 44 इंच, लांबी 110 इंच, म्हणजे दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर. या मापात रुंदी एक इंच वाढली की लांबी अडीच इंच घटते. बारा इंच सरकवलंत तर 56 बाय 80 चं अस्तर मिळतं. रुंदीतला इंचभर शिवणीत गेला तरी आपली गोधडी त्यात बसते, आणि सव्वा मीटर कापड वाचतं.

पण तिरपं कापलेलं कापड ताणलं जातं, हे लक्षात ठेवा. उभे-आडवे धागे सरळ असतात तोवर कापड शहाणं असतं. तिरकं कापलं की ते लांबतं आणि शिवण लाटांसारखी होते. म्हणून त्या कडेला हात लावून ओढू नका, आधी कच्चा टाका घाला, मगच मशीनवर घ्या. पट्ट्यापट्ट्यांच्या किंवा एकाच दिशेच्या छापाच्या कापडाला ही युक्ती चालत नाही.

साडी असेल तर काम सोपं. साडेपाच मीटरची सुती साडी मधोमध आडवी कापली की 108-108 इंचांचे दोन तुकडे होतात. ते शेजारी शेजारी जोडले की दोघांची गोधडी झाली. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं, पण ते जुनं असेल तर कासोट्याकडे विरलेलं असणार. उजेडासमोर धरून बघा, पलीकडचे माड दिसायला लागले तर तेवढा भाग सोडून द्या. नायलॉनची साडी अस्तराला नको. ती घाम पीत नाही आणि अंथरली तर सरकते.

जोड देताना जुन्याला जुनंच लावा. कोरं कापड लावायचंच असेल तर आधी भिजवून, खळ काढून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात कोरं आटतं, जुनं तसंच राहतं आणि मधे चुण्या पडतात. साडीच्या काठाची अगदी कडेची किनार घट्ट विणीची असते. जोडाच्या शिवणीत ती येऊ देऊ नका, कापून काढा. जोडाच्या शिवणी इस्त्रीने दोन्हीकडे उघडून बसवा. आपल्या दमट हवेत चार पदर एकावर एक आले की तिथे ओल राहते आणि काळे ठिपके पडतात.

गोधडी अजून सुरूच केली नसेल तर मात्र उलटं करा. गोव्याच्या खाली, उत्तर कन्नड जिल्ह्यात हळियाळ-यल्लापूरकडे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. त्या आधी साडी पसरतात आणि तिच्या कडेपासून आत आत तुकडे लावत मधे येतात. अस्तर जेवढं, तेवढीच कवंदी. कमी पडण्याचा प्रश्नच नाही. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना त्या फुला म्हणतात.

खळ्यात अस्तर पसरताना कोपऱ्यांवर वजन म्हणून चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, तुकडे ठेवाल, तर खाली कागद घाला. जांभ्याचा तांबडा डाग पांढऱ्या मांजरपाटावरून जात नाही. आणि मघाच्या युक्तीत वर-खाली कापून काढलेले दोन छोटे त्रिकोण टाकू नका. गोधडीचे कोपरेच आधी झिजतात. त्यांना आतून दुहेरी लावायला ते पुरतात.